राजाचीं अक्षरें आणि मुन्शीचीं अक्षरें



मुलचेऱ्याच्या आठवड्याच्या बाजारांत घटकाभर उभें राहिलें, तर कानांवर चार भाषा पडतात. कचेरीच्या कामानें आलेल्या मंडळींची मराठी. रानांतल्या वस्त्यांवरून मोहाचीं फुलें, डिंक, चारोळी घेऊन उतरलेल्या लोकांची गोंडी आणि तिचीच बहीण माडिया. पूर्व पाकिस्तानांतून आलेल्या ज्या निर्वासित कुटुंबांना १९६० नंतरच्या वर्षांत या भागांत जमिनी देऊन वसविण्यांत आलें, त्यांची बंगाली. आणि दक्षिणेकडून सिरोंच्याच्या वाटेनें वर आलेली तेलुगु. गडचिरोली जिल्ह्यांतील हें लहानसें तालुक्याचें गांव. १९८२ पर्यंत हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यांतच मोडत असे.

भाषा चार खऱ्या, पण या बाजारांत डोळ्यांना लिपि किती दिसतात हें मोजूं लागलें म्हणजे हिशेब जुळत नाहीं. मराठीला देवनागरी आहे. बंगाली घरांत जुनी पोथी असली तर ती बंगाली अक्षरांत असते. तेलुगूचीं वाटोळीं अक्षरें न वाचतां येणाऱ्यालाहि दुरून ओळखूं येतात. गोंडी मात्र ऐकूं येते आणि दिसत नाहीं. दुकानाच्या पाटीवर नाहीं, पावतीवर नाहीं, मुलांच्या दप्तरांत नाहीं. २०११ च्या शिरगणतींत गोंडी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे लोक भारतांत सुमारें ३० लाख भरले. एवढ्या लोकांची भाषा डोळ्यांना कोठेंच दिसूं नये, ही साधी गोष्ट नव्हे.

गोंडीला लिपि नाहीं, असें आपण शाळेंत शिकलों. तें खरें नाहीं. गोंडीला स्वतःच्या निदान दोन लिपि आहेत, आणि उसन्या घेतलेल्या आणखी दोन आहेत. मग त्या दिसत कां नाहींत? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना मला एका दूरच्या देशाच्या इतिहासाची फार मदत झाली. तेव्हां थोडा वेळ मुलचेरा सोडून आपण कोरियाला जाऊं. परत येणार आहोंत, हें आधींच सांगून ठेवतों.

कोरियाची वाट आतां आपल्या घरांना अगदींच अनोळखी राहिलेली नाहीं. पुण्यामुंबईच्या कित्येक घरांतील मुली तेथील चित्रमालिका पाहतां पाहतां कोरियन अक्षरें गिरवूं लागल्या आहेत, आणि आठ-पंधरा दिवसांत तीं त्यांना वाचतांहि येतात. वडील मंडळींना हा एक छंद वाटतो. पण त्या मुलींना अक्षरें इतक्या लवकर कां येतात, यांत एक मोठी गंमत आहे. रेडिओवर अक्षर दाखवितां येत नाहीं ही अडचण खरी. तथापि या एका लिपीच्या बाबतींत ती फारशी नडत नाहीं, कारण तिचीं अक्षरें तुमच्या तोंडांतच आहेत.

जरा 'क' म्हणून पाहा. जिभेचें मूळ वर उठून घशाकडची वाट अडवितें. आतां डावीकडे तोंड करून बसलेल्या माणसाची ती जीभ बाजूनें चितारा: वर एक आडवी रेघ, आणि तिच्या उजव्या टोंकापासून सरळ खालीं उतरणारी दुसरी रेघ. हेंच 'क'चें कोरियन अक्षर. आतां 'न' म्हणा. जिभेचा शेंडा वर जाऊन दातांच्या मागें टेकतो. डावीकडे उभी रेघ, आणि तिच्या पायथ्यापासून उजवीकडे जाणारी आडवी रेघ: हा झाला 'न'. 'म' म्हणतांना ओठ मिटतात. त्याचें अक्षर म्हणजे तोंडाचा लहानसा चौकोन. 'स' दातांतून निघतो; त्याचें अक्षर दोन तिरप्या रेघांचा दात. घशांतल्या ध्वनीला वाटोळें वर्तुळ. झालीं पांच अक्षरें. बाकीचीं व्यंजनें बहुतेक याच पांचांवर रेघा वाढवून केलेलीं आहेत. 'क'च्या अक्षरांत एक रेघ घातली कीं 'ख' होतो. 'न'वर एक रेघ चढली कीं 'त', आणि आणखी एक चढली कीं 'थ'. ध्वनींत जोर वाढला कीं अक्षरांत रेघ वाढते. आपल्या देवनागरींत 'क' आणि 'ख' शेजारीं शेजारीं बसतात, पण त्यांच्या चेहऱ्यांत नातें दिसत नाहीं. कोरियन लिपींत तें नातें डोळ्यांना दिसतें.

स्वरांची योजना तितकीच मोजकी आहे. एक ठिपका म्हणजे वाटोळें आकाश, एक आडवी रेघ म्हणजे सपाट पृथ्वी, आणि एक उभी रेघ म्हणजे या दोहोंमध्यें उभा असलेला मनुष्य. या तिघांच्या मेळानें सारे स्वर झाले. पुढें लिहितां लिहितां ठिपक्याची आंखूड रेघ झाली. व्यंजन आणि स्वर एकापुढें एक न मांडतां एका लहानशा चौकोनांत बसवावयाचे, ही तेथील जोडाक्षराची रीत. मूळचीं अक्षरें २८ होतीं. आज २४ वापरांत आहेत.

लिपीचा जन्मदाता कोण, हें बहुतेक लिपींच्या बाबतींत सांगतां येत नाहीं. ब्राह्मी कोणीं केली, देवनागरीला हें रूप कोणीं दिलें, याचा पत्ता लागत नाहीं. आपल्या मोडीचें श्रेय हेमाडपंताला देण्याची परंपरा आहे, पण पंडितांना ती जशीच्या तशी पटत नाहीं. कोरियन लिपीचा मात्र कर्ता ठाऊक आहे, आणि तारीखहि ठाऊक आहे. सेजोंग नांवाच्या राजानें १४१८ ते १४५० पर्यंत राज्य केलें. त्याच्या राज्याच्या दरबारीं वृत्तांतांत १४४३ सालच्या शेवटच्या महिन्याखालीं, राजानें २८ अक्षरें स्वतः तयार केलीं, अशी नोंद आहे. १४४६ मध्यें तीं प्रसिद्ध झालीं. त्यांना त्यानें दिलेल्या नांवाचा अर्थ 'लोकांना शिकवावयाचे शुद्ध ध्वनि' असा होतो.

त्यापूर्वीं कोरियांत लिहावयाचें म्हणजे चिनी चित्राक्षरांत. तीं हजारों, आणि भाषेचा सांधा अगदीं वेगळा. शेतकऱ्याला हें साधणें शक्य नव्हतें. एका मुलानें बापाचा खून केल्याची वार्ता १४२८ मध्यें ऐकून सेजोंग व्यथित झाला, आणि लोकांना सदाचार कळावा म्हणून त्यानें १४३४ मध्यें पितृभक्तीच्या व निष्ठेच्या गोष्टींचें एक पुस्तक काढविलें. त्यांत चित्रें घातलीं. कारण मजकूर कोण वाचणार? चित्रांनीं भागत नाहीं, हें त्या राजाला तेव्हांच उमगलें असावें असें मला वाटतें. नव्या लिपीच्या प्रस्तावनेंत तो कारण देतो तें एवढेंच, कीं साध्या माणसांना सांगावयाचें पुष्कळ असतें आणि तें मांडण्याचें साधन त्यांच्यापाशीं नसतें.

आतां हें सारें ऐकून दरबार आनंदला असेल, अशी आपली समजूत होईल. तसें झालें नाहीं. १४४४ च्या आरंभींच च्वे माल्ली या पंडितानें सहकाऱ्यांसह राजाला विरोधाचा अर्ज दिला. मुद्दा असा, कीं आपण चीनची संस्कृति मानणारे लोक. स्वतःचीं वेगळीं अक्षरें असतात तीं मोंगलांना, तिबेटी लोकांना, जपान्यांना, म्हणजे रानटी लोकांना. आपण तीं घेतलीं तर आपलीहि गणना त्यांच्यांत होईल. शिवाय महाराज प्रकृतीसाठीं औषधी झऱ्यावर गेले असतांहि हेंच काम घेऊन बसतात, ही तक्रार होतीच. सेजोंगनें त्याला ध्वनिशास्त्रावरचे प्रश्न विचारून निरुत्तर केलें, एक दिवस कोठडींत ठेवलें, आणि दुसऱ्या दिवशीं सोडून दिलें. हा अर्ज मला महत्त्वाचा वाटतो. लिपीला विरोध होतो तो ती अवघड असते म्हणून नव्हे. ती कोणाच्या हातीं जाणार, यावरून होतो.

येथें आपल्या दृष्टीनें एक जवळची गोष्ट आहे. सेजोंगनें ध्वनींचे पांच गट पाडले: दाढेचे, जिभेचे, ओठांचे, दातांचे आणि घशाचे. हें वर्गीकरण त्यानें चिनी ध्वनिशास्त्रांतून घेतलें होतें. आणि चीनमध्यें त्या शास्त्राला चालना मिळाली ती बौद्ध भिक्षूंबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णविचारामुळें. आपण लहानपणीं कण्ठ्य, तालव्य, मूर्धन्य, दन्त्य, ओष्ठ्य म्हणून जें घोकलें, त्याचा एक प्रवाह असा हिमालयापलीकडून फिरून कोरियाच्या राजवाड्यांत पोंचला होता. कांहीं पंडित याहून पुढें जातात. कुबलाई खानाच्या आज्ञेवरून फाग्स-पा नांवाच्या तिबेटी लामानें १२६९ मध्यें मोंगल साम्राज्यासाठीं एक लिपि केली. ती तिबेटी लिपीवरून, आणि तिबेटी लिपि भारतीय लिपीवरून. कोरियन व्यंजनांपैकीं चार-पांच आकृति या फाग्स-पाच्या अक्षरांवरून घडविल्या, असें गॅरी लेडयार्ड या अमेरिकन अभ्यासकानें मांडलें. वाद मिटलेला नाहीं. आकृति कोठूनहि आल्या असोत, उच्चारांवरून अक्षर बांधण्याची योजना राजाची स्वतःची होती, याविषयीं आतां शंका नाहीं. कारण ती योजना समजावून सांगणारा मूळ ग्रंथच १९४० मध्यें आन्दोंग या गांवीं सांपडला. तोंपर्यंत हीं अक्षरें खिडकीच्या जाळीवरून सुचलीं असावींत, इथपर्यंत तर्क चालले होते!

या ग्रंथाच्या शेवटीं जंग इन-जी या पंडितानें असा दावा केला आहे, कीं शहाण्या माणसाला हीं अक्षरें एका सकाळींत येतील आणि मंदबुद्धीलाहि दहा दिवस पुरतील. आपल्या पुण्याच्या मुलींचा अनुभव याला दुजोरा देतो. पण मग अशी सोपी लिपि देशभर किती वर्षांत पसरली असेल? दहा? पन्नास?

ती सरकारी कागदांत अधिकृत व्हावयाला १८९४ साल उजाडावें लागलें. साडेचारशें वर्षें! राजानें केलेली, शास्त्रशुद्ध, एका सकाळींत येणारी लिपि साडेचारशें वर्षें दाराबाहेर उभी होती. विद्वान तिला 'गांवठी अक्षरें' म्हणत, बायकांचीं अक्षरें म्हणत. १५०४ मध्यें यनसान नांवाच्या जुलमी राजाविरुद्ध कोणीं या लिपींत निनांवी पत्रकें लिहिलीं, तेव्हां तिच्या शिक्षणावर बंदी आली. इतकें असूनहि ती मेली नाहीं. कां? तर राजवाड्यांतील राण्यांपासून खेड्यांतील सुनांपर्यंत बायकांनीं तिच्यांत पत्रें लिहिलीं. माहेरचें क्षेमकुशल, पाकाच्या कृति, प्रार्थना आणि पुढें कादंबऱ्या तिच्यांत उतरल्या. दरबारानें टाकलेली लिपि माजघरानें सांभाळली. १८९६ मध्यें 'स्वातंत्र्य' या अर्थाचें नांव धारण करणारें वृत्तपत्र केवळ याच अक्षरांत निघूं लागलें, तेव्हां तें वाचावयाला घरोघर माणसें तयार होतीं.

पुढची हकीकत दुःखाची आहे. १९१० ते १९४५ पर्यंत कोरिया जपानच्या अंमलाखालीं होता, आणि शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा बाहेर गेली. १९४२ मध्यें कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या मंडळाच्या सभासदांना पकडण्यांत आलें. त्यांतले दोघे तुरुंगांत वारले, आणि कोशाचीं हस्तलिखितें पुराव्याचे कागद म्हणून जप्त झालीं. १९४५ च्या सप्टेंबरांत, जपानच्या शरणागतीनंतर थोड्याच दिवसांनीं, तीं सोल शहराच्या रेल्वे स्टेशनच्या वखारींत सांपडलीं. वर्षानुवर्षांचें काम मालाच्या गठ्ठ्यांत पडून होतें. शब्दकोशासारख्या निरुपद्रवी पुस्तकासाठीं माणसें तुरुंगांत मरतात, हें ज्यांना अतिशयोक्त वाटेल त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां आपल्या रानांत परत येऊं.

१९१८ साल. मध्यप्रांतांतील बालाघाट जिल्हा. गोंडांचीं राज्यें जाऊन शंभर-दीडशें वर्षें होऊन गेलीं होतीं. चांद्याचें राज्य अठराव्या शतकाच्या मध्यास नागपूरकर भोसल्यांच्या हातीं गेलें होतें. ज्या समाजाचे किल्ले आणि तलाव अजून उभे होते, त्याची भाषा कचेरींत वा शाळेंत कोठेंच चालत नव्हती. त्या साली मुन्शी मंगलसिंग मसराम या गोंड गृहस्थांनीं गोंडीसाठीं एक नवी वर्णमाला तयार केली. पाठीशीं राज्य नाहीं, पंडितांचें मंडळ नाहीं, छापखाना नाहीं. सेजोंगच्या तुलनेनें हा प्रयत्न किती एकाकी असेल, याची कल्पना आपण करावी.

या लिपीचें मोजमाप करतांना मी थोडें कठोर बोलणार आहें. मसराम यांच्या अक्षरांच्या आकृति नव्या आहेत, परंतु वर्णमाला मात्र आपल्या बाराखडीचीच आहे. इतकी, कीं 'क्ष', 'ज्ञ' आणि 'त्र' यांना तिच्यांत स्वतंत्र चिन्हें दिलेलीं आहेत. गोंडी ही द्राविड कुळांतली, तेलुगूला जवळची भाषा. तिला 'ज्ञ' घेऊन काय करावयाचें? सेजोंग आपल्या लोकांच्या तोंडांत डोकावला आणि तेथून त्यानें अक्षरें काढलीं. मुन्शींनीं शाळेंत शिकलेली अक्षरमाला समोर ठेवली आणि तिला नवे पोषाख चढविले. शास्त्राच्या दृष्टीनें पहिलें काम मोठें, यांत वाद नाहीं.

पण एवढ्यावर निकाल देऊन मोकळें होणें न्यायाचें नव्हे. ज्याला देवनागरी येते तो गोंडी देवनागरींत लिहूं शकतो. सोयीसाठीं नव्या लिपीची गरजच नव्हती. नवीं अक्षरें केलीं तीं दुसऱ्याच कारणासाठीं. बंगाल्याला बंगाली, तेलंग्याला तेलुगु, मराठ्याला मोडी आणि बाळबोध. मग गोंडालाच अक्षर कां नसावें? 'क्ष' आणि 'ज्ञ' ठेवले तेहि, मला वाटतें, याच भावनेनें: तुमच्या वर्णमालेंत जें जें आहे तें तें आमच्याहि वर्णमालेंत आहे. त्या काळीं असें वाटलेले मसराम एकटे नव्हते. १९२५ मध्यें ओरिसांतील मयूरभंज संस्थानांत पंडित रघुनाथ मुर्मू यांनीं संथाली भाषेसाठीं 'ओल चिकी' ही लिपि केली. त्यांनीं नुसतीं अक्षरें केलीं नाहींत. नाटकें लिहिलीं, पुस्तकें छापविलीं, गांवोगांव हिंडून लोकांना लिपि शिकविली. संथालीचा २००३ च्या घटनादुरुस्तीनें आठव्या परिशिष्टांत समावेश झाला. गोंडी त्या परिशिष्टांत नाहीं. दोन्हीं लिपींचा जन्म सात वर्षांच्या अंतरानें झाला. एका लिपीला वाचावयाला नाटक मिळालें, दुसरीला मिळालें नाहीं.

मसराम यांची लिपि हीच गोंडीची पहिली लिपि, असें पुष्कळ वर्षें धरून चाललें होतें. एकविसावें शतक सुरू झाल्यावर कांहीं वर्षांनीं ही समजूतहि ढळली. चंद्रपूरच्या दक्षिणेस, आजच्या तेलंगणांतील आदिलाबाद जिल्ह्यांत गुंजाळा नांवाचें खेडें आहे. तेथें प्रधान लोकांच्या घरीं जपलेलीं दहा-बारा हस्तलिखितें हैदराबाद विद्यापीठाच्या प्रा. जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहण्यांत आलीं. प्रधान म्हणजे गोंडांचे भाट आणि वंशावळी सांगणारे. गोंडांच्या कुळकथा त्यांच्या मुखीं. १८६६ मध्यें रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदपत्रांतून लिंगो देवाचें जें गोंडी गीत प्रथम छापून निघालें, तेंहि एका प्रधानाकडूनच उतरून घेतलेलें होतें. हिस्लॉप यांना तें छापलेलें पाहावयास मिळालें नाहीं. १८६३ मध्यें टाकळघाटाजवळ नदीच्या पुरांत त्यांचा अंत झाला होता. जे प्रधान केवळ गातात असें सर्वांना वाटत होतें, ते लिहितहि होते, हें गुंजाळ्याच्या कागदांनीं दाखविलें.

अभ्यासकांनीं या हस्तलिखितांचा काळ सुमारें १७५० असा अंदाजला आहे. सर्व भाग इतका जुना नसावा. त्यांत रामजी गोंडानें इंग्रज आणि निजाम यांविरुद्ध केलेल्या उठावाची हकीकत आहे, आणि तो उठाव १८५७ च्या धामधुमीनंतरचा. तेव्हां निदान तो भाग मागून लिहिला गेला हें उघड आहे. पण लिपीकडे पाहिलें तर मात्र थक्क व्हावयास होतें. तिची अक्षरमाला 'क ख ग घ' अशी सुरूच होत नाहीं. ती 'य, व, ब' पासून निघते. 'श' आणि 'ष' यांना तिच्यांत जागा नाहीं, 'स' तेवढा एक. 'क्ष' नाहीं, 'ज्ञ' नाहीं. आकृतींत भारतीय लिपींचें नातें आहेच, परंतु ही वर्णमाला कोणाच्या शाळेंतली बाराखडी समोर ठेवून केलेली नाहीं. ती कोणीं केली? येथें राजा नाहीं आणि मुन्शीहि नाहीं. गांवांतल्या कांहीं मोजक्या वृद्धांना ती वाचतां येत होती, म्हणून तिचा उलगडा झाला. ते गेले असते तर कागद राहून लिपि गेली असती.

ही गोष्ट ऐकून मराठी माणसानें चटका लावून घ्यावयास हरकत नाहीं. आपल्यापैकीं किती घरांत माळ्यावरच्या पेटींत मोडी कागद आहेत, आणि ते वाचणारें माणूस घरांत नाहीं? पणजोबांनीं काय लिहून ठेवलें, जमिनीचें कीं लग्नाचें कीं भांडणाचें, हें पणतवाला कळत नाहीं. मोडी शाळेंतून गेली तेव्हां कोणीं तिच्यावर जुलूम केला नव्हता. छापावयाला बाळबोध सोयीची, एवढेंच कारण पुरलें.

गोंडी मुलाला त्याच्या भाषेंत शिकविण्याचा मोठा प्रयोग झाला तोहि याच सरहद्दीवर. १९४० मध्यें कुमराम भीम या गोंड पुढाऱ्याच्या उठावांत रक्त सांडल्यावर निजाम सरकारला जाग आली, आणि क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला आदिलाबादच्या गोंडांकडे धाडण्यांत आलें. त्याच्या सल्ल्यानें १९४३ मध्यें मार्लावाई या खेड्यांत गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र निघालें. गोंडी वाचनपाठ तयार झाले, आणि ते देवनागरी लिपींत छापले. कारण त्या मुलखांतील गोंडांचा व्यवहार मराठीशीं असे. गोंडाच्या मुलाला गोंड गुरुजी गोंडीतून अक्षरें शिकवूं लागले. पुढें १९५६ मध्यें भाषावार प्रांतरचना झाली, आदिलाबाद आंध्र प्रदेशांत गेला, आणि शाळा तेलुगु झाल्या. ज्या बापानें गोंडी देवनागरींत वाचली, त्याचा मुलगा तेलुगु अक्षरें गिरवूं लागला. नदीच्या अलीकडचा गोंड देवनागरींत लिहिणार, पलीकडचा तेलुगूंत. दोघे एकमेकांशीं बोलूं शकतात आणि एकमेकांचें पत्र वाचूं शकत नाहींत. कोरियाचा सारा देश एका भाषेचा होता. गोंडी ही पांच-सहा राज्यांच्या सरहद्दींनीं कापलेली भाषा आहे, आणि प्रत्येक तुकडा आपापल्या राज्याच्या शाळेंत जातो.

या तुकड्यांना जोडण्याचा यत्न झालेला नाहीं असें नाहीं. निरनिराळ्या राज्यांतील गोंडी बोलणाऱ्यांनीं एकत्र बसून सर्वांना चालेल असा एक शब्दकोश केला. तो २०१८ मध्यें कर्नाटकांतील हंपीच्या कन्नड विद्यापीठांत प्रसिद्ध झाला. लिपि कोणती घेतली? देवनागरी. ज्यांना मसरामांचा अभिमान आहे त्यांना हें रुचलें नाहीं, आणि ज्यांना गुंजाळ्याचा अभिमान आहे त्यांनाहि नाहीं. पण कोश करणाऱ्यांसमोर अडचण रोकडी होती: आज वाचणारा कोठें आहे? गडचिरोलींतीलच मेंढा गांवची 'मावा नाटे मावा राज', म्हणजे आमच्या गांवांत आमचें राज्य, ही घोषणा महाराष्ट्रभर पोंचली. कित्येक मराठी माणसांना ठाऊक असलेलें गोंडी वाक्य तेवढें एकच असेल, आणि तें त्यांनीं देवनागरींतच वाचलें.

मग स्वतःच्या अक्षरांचा हट्ट सोडून द्यावा काय? माझें मत सांगतों, आणि तें कोणास पटलें नाहीं तरी चालेल. मुलाला प्रथम त्याची भाषा शाळेंत मिळाली पाहिजे. ती कोणत्या अक्षरांत, हा प्रश्न त्यामागून येतो. मुलचेऱ्याच्या आसपासचें गोंड वा माडिया मूल पहिल्या दिवशीं शाळेंत जातें तेव्हां गुरुजी जें बोलतात तें त्याला कळत नाहीं. त्याला 'येर' ठाऊक असतें, फळ्यावर 'पाणी' असतें. राष्ट्रीय शिक्षणाच्या २०२० च्या धोरणांत माध्यमिक शाळांतून शिकवितां येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचें नांव आहे; तें असावें, माझी तक्रार नाहीं. त्याच धोरणांत पहिलें शिक्षण शक्य तेथें मातृभाषेंतून द्यावें असेंहि म्हटलें आहे. पण धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें २०१९ मध्यें गोंडी माध्यमाची शाळा आपल्या बळावर सुरू केली, तेव्हां तिच्या वांट्याला शिक्षण खात्याची नोटीस आली. २०२२ मध्यें ती शाळा अनधिकृत ठरवून दंड सांगण्यांत आला, आणि गांवाला न्यायालयाची पायरी चढावी लागली. च्वे माल्लीचा अर्ज मला या वेळीं आठवला. त्यांत निदान युक्तिवाद तरी होता.

अक्षरांच्या बाजूनें म्हटलें तर आतां साधनांची उणीव राहिलेली नाहीं. जगांतील सर्व लिपींना संगणकांत जागा देणारें जें युनिकोड नांवाचें कोष्टक आहे, त्यांत मसराम यांची लिपि जून २०१७ मध्यें आणि गुंजाळ्याची लिपि जून २०१८ मध्यें दाखल झाली. ज्या मुन्शींना १९१८ मध्यें एक खिळा ओतून मिळाला नसता, त्यांचीं अक्षरें बरोबर ९९ वर्षांनीं त्या कोष्टकांत नंबर लागून बसलीं. मुलचेऱ्याच्या एखाद्या मुलानें मनांत आणलें तर खिशांतल्या टेलिफोनवर योग्य तो टंक घेऊन तो आपल्या बहिणीला त्या अक्षरांत पत्र लिहूं शकेल. बहिणीला तें वाचतां आलें पाहिजे, एवढीच अट आहे.

जातां जातां गुंजाळ्याच्या हस्तलिखितांविषयीं एक गोष्ट राहिली. त्यांत वारांचीं आणि महिन्यांचीं नांवें आहेत, सणांची माहिती आहे, प्रधानांच्या ब्रह्मदेशाशीं चालणाऱ्या जुन्या व्यापाराची कथा आहे. आणि चंद्रपूरच्या गोंड राजांचा उदय कसा झाला, याची हकीकत आहे. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींतून मी कैक वेळां गेलों आहें. त्या वेशी बांधणाऱ्या राजांची गोष्ट त्यांच्याच भाषेंत, 'य, व, ब' पासून सुरू होणाऱ्या अक्षरांत, सरहद्दीपलीकडच्या एका खेड्यांत लिहून ठेवलेली आहे, हें मला त्या वेळीं कोणीं सांगितलें नव्हतें.